रोजचा वेष, रोजची रीत

(नभोवाणीवरील भाषण)



"काळ बदलला" हे दोन शब्द आपल्या घराघरांतून नित्य ऐकूं येतात. आणि ते बहुधा कोणाच्या तरी कपड्यांकडे पाहून किंवा कोणाचें तरी बोलणें ऐकून उच्चारलेले असतात. मुलगा वडिलांना 'अरे बाबा' म्हणतो, सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसते, नातवाच्या विजारीला गुडघ्यांवर भोकें असतात आणि तीं भोकें पैसे मोजून विकत घेतलेलीं असतात! अशा वेळीं घरांतील वडीलधारा पुरुष सुस्कारा टाकून म्हणतो, "आमच्या वेळीं असें नव्हतें." त्याचें म्हणणें खरें असतें. फक्त त्याच्या वडिलांनीं आणि आजोबांनींहि आपापल्या वेळीं हेंच वाक्य उच्चारलें होतें, एवढें तो विसरतो. वेष आणि रीतभात हीं पिढीगणिक बदलतात तरी कशीं, आणि या बदलांत काय गेलें असतां खरोखर कांहीं गेलें असें मानावें, याचा थोडा विचार आज आपल्यापुढें मांडावा असें मीं योजिलें आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना पुणें जिल्ह्यांतील एका जुन्या गांवाची पांढर मला फार उपयोगीं पडते. पुण्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथून दौंडचा मुलूख दूर नाहीं. तेथील टेकाडांचें उत्खनन डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत केलें. डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर यांचीं नांवें त्या कामाशीं कायमचीं जोडलेलीं आहेत. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास या ठिकाणीं शेतकऱ्यांनीं वस्ती केली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ती उठली. म्हणजे जवळजवळ नऊशें वर्षें, पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर छत्तीस पिढ्या, एकाच जागीं माणसें जन्मलीं, नांदलीं आणि मातीस मिळालीं. पिढ्यान्‌पिढ्यांचा बदल पाहावयाचा तर याहून चांगला ग्रंथ कोणता?

त्या लोकांचे कपडे आपल्या हातीं आलेले नाहींत, कारण कापड मातींत टिकत नाहीं. परंतु त्याच ताम्रपाषाणयुगांतील दोन शेजारच्या ठिकाणांनीं थोडी साक्ष दिली आहे. पुणें जिल्ह्यांतीलच चांडोली येथें तांब्याच्या मण्यांत अळशीच्या धाग्याचे अवशेष मिळाले. आणि नेवासें येथें एका लहान मुलाच्या गळ्यांतील तांब्याच्या मण्यांच्या माळेंत रेशीम व कापूस यांचा धागा सांपडला. तीन हजार वर्षांपूर्वीं सूत काततां येत होतें, आणि आपलें मूल नटलेलें दिसावें ही आईबापांची हौसहि होती, एवढें यावरून निश्चित समजतें.

पण इनामगांवचा खरा धडा कपड्यांत नाहीं. तो घरांत आणि दफनांत आहे. भरभराटीच्या काळांत तेथील घरें चौकोनी आणि ऐसपैस असत. मडकीं चाकावर घडविलेलीं, रेखीव आणि रंगविलेलीं असत. नदीचें पाणी शेताकडे वळविण्यासाठीं पाट काढून त्याला बांध घातलेला होता. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटत गेलें. शेती आंखडली, मेंढ्याबकऱ्यांवर भिस्त वाढली, चौकोनी घरांच्या जागीं लहान वाटोळ्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि मडक्यांची कलाकुसर उतरणीस लागली. पणजोबांचें घर पणतूला ओळखूं आलें नसतें, इतका हा पालट होता. मात्र एक गोष्ट पालटली नाहीं. मूल दगावलें तर दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत त्याला ठेवावयाचें आणि घराच्या जमिनीखालींच पुरावयाचें. मोठें माणूस गेलें तर बहुधा त्याचें डोकें उत्तरेकडे करून, पावलें घोट्यापासून तोडून त्याला निजवावयाचें, ही रीत समृद्धींतहि होती आणि दैन्यांतहि राहिली. गेलेला जीव घर सोडून भटकूं नये म्हणून पावलें तोडीत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

यावरून मला एक नियम दिसतो. वस्तु परिस्थितीच्या मागें धांवतात, आणि रीत वस्तूंच्या मागून सावकाश चालत येते. या दोहोंमध्यें जें अंतर पडतें, त्या अंतरांतच घरोघरचीं भांडणें होत असतात.

आतां आपल्या जवळच्या काळाकडे येऊं. याच शिरूर-दौंडच्या टापूंतील शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींचा शेतकरी डोळ्यांपुढें आणा. कमरेला धोतर किंवा नुसता पंचा, अंगांत बंडी किंवा बाराबंदी, डोक्याला मुंडासें, खांद्यावर घोंगडी आणि पायांत जाड वहाणा. त्याच्या कारभारणीचें नऊवारी लुगडें आणि खणाची चोळी. यांतील बहुतेक वस्त्रांना सुई लागलेली नसे. धोतर, लुगडें, उपरणें, मुंडासें हीं मागावरून जशीं उतरत तशींच अंगावर चढत. न शिवलेल्या वस्त्राची खुबी अशी, कीं तें कोणाच्याहि अंगास होतें. वडिलांचें धोतर मुलाला चालतें, अंग सुटलें तरी अडत नाहीं. लुगडें मधेंच विरलें तर तेवढा भाग काढून दंड घालतां येतो, आणि अगदीं जीर्ण झालें कीं त्याची वाकळ किंवा बाळोतीं होतात. मुंडासें केवळ मानासाठीं नव्हतें. उन्हांत तें छत्री होई, ओझ्याखालीं चुंबळ होई, विहिरीवर दोर अपुरा पडला तर दोर होई, आणि झाडाखालीं आडवें होतांना उशी होई. घोंगडी तर अंथरूण, पांघरूण आणि पावसांतील खोळ असे तिहेरी काम करी. असा वेष कोणी बसून ठरविलेला नसतो. तो ऊन, पाऊस, काम आणि ऐपत यांनीं मिळून ठरविलेला असतो.

तो मोडला तोहि कोणाच्या उद्धटपणामुळें नव्हे. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. १८७८ सालीं दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि दौंड हें जंक्शन झालें. गिरणीचें स्वस्त कापड गाडींतून उतरून आठवड्याच्या बाजारापर्यंत पोंचूं लागलें. त्याच्या पाठोपाठ शिंप्याच्या दुकानांत शिवणयंत्र आलें. ज्या बारा बंदांमुळें बाराबंदीला तें नांव मिळालें होतें, ते बंद गेले आणि त्यांच्या जागीं गुंड्या आल्या. १९२० नंतर गांधी टोपी आली. कित्येक हात लांबीच्या पटक्याचें काम वीतभर खादींत भागूं लागलें, आणि एक राष्ट्रीय अभिमानहि त्याबरोबर डोक्यावर बसला. पुढें सायकल आली, मोटारसायकल आली. धोतराचा सोगा चाकांत अडकण्याची भीति निर्माण झाली आणि तरुणानें विजार पसंत केली. प्रत्येक पायरीस कारण साधें आणि व्यवहारी होतें. परंतु प्रत्येक पायरीस मागील पिढीला मात्र त्यांत धर्म बुडतांना दिसला.

स्त्रियांच्या वेषाचा इतिहास अधिक बोलका आहे. नऊवारी लुगड्याचा काष्टा हा मुळांत कामकरी स्त्रीचा काष्टा. लावणीला वांकावें, विहिरीवर चढावें, घोड्यावर बसावें, कशालाहि तो आड येत नाहीं. परंतु आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां तेथील थंडींत नऊवारीखालीं पोटऱ्या उघड्या राहतात ही अडचण त्यांना जाणवली आणि त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास सुरुवात केली. लुगडें सोडलें म्हणून त्यांचें मराठीपण सुटलें असें आज कोण म्हणेल? पुढें मुली शाळेंत गेल्या, कॉलेजांत गेल्या, कचेऱ्यांत गेल्या, आणि पांचवारी पातळ शहरांत रूढ होऊं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई झाली आणि १९४३ सालीं त्यावर सरकारी नियंत्रण आलें. नऊ वारांऐवजीं पांच वारांत भागणें ही अशा काळांत सोयीची गोष्ट होती. तरीहि गोल पातळ नेसणारी मुलगी जुन्या वळणाच्या घरांत चेष्टेचा नाहीं तर संतापाचा विषय होत असे. आज पंजाबी पोशाख किंवा जीनची विजार घालणाऱ्या मुलीला आपण काय सांगतों? "साडींत मुली कशा सोज्वळ दिसतात!" जी साडी आजीच्या दृष्टीनें धिटाई होती, तीच नातीच्या वेळीं मर्यादा झाली.

येथवर मीं सोयीचा विचार केला. परंतु वेषाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सोयीची नसून सत्तेची आहे. कोणीं काय ल्यावें यापेक्षां कोणीं काय लेऊं नये, याचे नियम आपल्या समाजानें फार कसोशीनें पाळले. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकर दलित स्त्रियांसमोर बोलले, तेव्हां त्यांनीं लुगडें नेसण्याच्या पद्धतीचा विषय मुद्दाम काढला. गुडघ्यापर्यंत वर नेसलेलें लुगडें आणि गळ्यांत-हातांत घातलेले ओबडधोबड दागिने, ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारी खूण आहे. ती टाका आणि वरिष्ठ म्हणविणाऱ्या वर्गांतील स्त्रियांप्रमाणें लुगडें घोट्यापर्यंत नेसा, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. ऐकणाऱ्या स्त्रियांनीं तो लगेच अमलांत आणला, आणि कांहीं सवर्ण भगिनींनीं त्यांना नेसणें दाखवून मदत केली. वार तेवढेच, कापड तेंच. फक्त निऱ्या चार बोटें खालीं आल्या, आणि त्या चार बोटांत शतकांचा अपमान झटकला गेला. तशीच गोष्ट विधवेच्या आलवणाची. तांबडें आलवण आणि केशवपन यांनाहि कुलाचार हेंच नांव होतें, आणि ते मोडणाऱ्यांवरहि 'रीत बुडविली' हाच आरोप होता. जुन्या वेषाबद्दल हळहळतांना हा हिशेब पानाआड जाऊं देतां कामा नये.

वेषाप्रमाणेंच रीतभातहि बदलते, पण ती अधिक कुरकुरत बदलते. याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे चहाचा पेला. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें एका कार्यक्रमानंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहाबिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनीं, म्हणजे त्याच आनंदीबाईंच्या पतींनीं, पुढें उपस्थितांचीं नांवें 'पुणेंवैभव' पत्रांत येतील अशी व्यवस्था केली, आणि साऱ्या शहरांत गिल्ला झाला. ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, तर त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर रुष्ट झाले. आज त्याच पुण्यांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, घरीं आलेल्याला चहा न विचारणें हा अपराध आहे, आणि विचारलेला चहा नाकारणें हा त्याहून मोठा! चार पिढ्यांच्या आंत पातकाचें आतिथ्य झालें. कारण वाद चहाचा नव्हताच. तो कोणाच्या हातचा, हा वाद होता. तो हात परका वाटेनासा होतांच चहा निर्दोष ठरला.

संबोधनांचें तसेंच आहे. जुन्या एकत्र कुटुंबांत तरुण बाप वडीलधाऱ्यांदेखत आपल्या मुलाला जवळ घेत नसे. म्हणून कित्येक घरांत मुलें सख्ख्या बापाला 'दादा', 'काका', 'भाऊ' अशीच हांक मारीत. नवऱ्याचें नांव घेणें बायकोस निषिद्ध. तिनें 'इकडून येणें झालें' असें आडवळणानें बोलावें. नांव घेण्याचा प्रसंगच आला तर तें उखाण्यांत गुंफून घ्यावें. पुढें 'अहो' आलें, आणि आतां नवरा-बायको परस्परांना नांवानें हांक मारतात. यांत आदर गेला काय? मला तसें वाटत नाहीं. जुन्या रीतींत एकानें 'अहो' म्हणावयाचें आणि दुसऱ्यानें 'अगं' म्हणावयाचें, असा आदराचा प्रवाह एकाच दिशेनें वाहत होता. आतां तो दोन्हीं बाजूंनीं सारखा झाला, इतकेंच. माझ्या स्वतःच्या धंद्यांतहि हें घडलें. मी शाळेंत नोकरीस लागलों तेव्हां मुलें 'गुरुजी' म्हणत, निवृत्त झालों तेव्हां 'सर' म्हणत होतीं. प्रथम कानाला खटकलें. परंतु शिक्षक वर्गांत शिरतांच उठून उभें राहणें जसेंच्या तसें राहिलें होतें. हांक वस्तूसारखी होती, ती बदलली. उभें राहणें ही रीत होती, ती टिकली.

वेष आणि रीत यांच्या निवृत्तीचाहि एक ठराविक क्रम आहे, तो लक्षांत घेण्याजोगा आहे. जी वस्तु रोजच्या वापरांतून जाते ती एकदम नाहींशी होत नाहीं. ती आधीं सणाची होते, मग लग्नाची होते, आणि शेवटीं नाटकाची होते. रानडे-टिळकांच्या पिढीनें घराबाहेर पडतांना घातलेली पगडी आज पाहुण्याच्या सत्कारापुरती उरली. २००९ सालीं तिला भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंदहि मिळाली. फेटा वरातींत दिसतो. नऊवारी आतां गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत, आणि तीहि शिवलेली, विजारीसारखी पायांत चढविण्याची! उखाणा, जो एके काळीं निषेधांतून काढलेली पळवाट होता, तो आज लग्नांतील करमणूक झाला. म्हणून सणाच्या दिवशीं मुलांना जुन्या वेषांत पाहून परंपरा जिवंत आहे असें समजून समाधान मानूं नये, आणि रोजच्या दिवशीं नव्या वेषांत पाहून ती मेली असें समजून रडूंहि नये. परंपरेचा ठाव कपड्यांत लागत नाहीं.

मग तो कोठें लागतो? माझ्या मतें प्रत्येक जुन्या रीतीला एक साधा प्रश्न विचारावा : ही रीत कोणाला तरी लहान करण्यासाठीं होती, कीं कोणाची तरी काळजी घेण्यासाठीं होती? आलवण, पंगतींतील भेद, पुरुषांचीं ताटें उठेपर्यंत बायकांनीं उपाशी राहणें, या रीती पहिल्या जातीच्या. त्या गेल्या तेथें चांगलें झालें. राहिल्या असतील तेथें जावयास हव्यात. परंतु म्हातारें माणूस आलें कीं उठून जागा देणें, ताटांत सर्वांना वाढून होईपर्यंत हात आखडून धरणें, निरोप घेतांना 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणणें, उन्हांतून आलेल्यास कांहीं विचारण्यापूर्वीं पाणी देणें, या रीती दुसऱ्या जातीच्या आहेत. त्यांना धोतर लागत नाहीं, लुगडें लागत नाहीं. त्या भोकें पडलेल्या विजारींतहि पाळतां येतात. जीनची विजार घातलेला मुलगा दारांतून निघतांना अजून 'येतो' असेंच म्हणतो. तें ऐकलें म्हणजे, निदान या एका शब्दापुरतें, आजोबांना काळजीचें कारण उरत नाहीं.

खरी काळजी निराळ्या ठिकाणीं आहे. प्रत्येक पिढीच्या हातीं एखादी वस्तु अशी येते, कीं तिची रीत अजून बसलेली नसते. आपल्या काळीं ती वस्तु म्हणजे खिशांतला मोबाईल. पाहुणा समोर बसलेला असतां त्याकडे पाहावें कीं हातांतील पडद्याकडे, जेवतांना तो कोठें ठेवावा, आजाऱ्याच्या खोलींत किती मोठ्यानें बोलावें, याचे नियम आपल्या आजोबांनीं घालून दिलेले नाहींत. घालून देणें शक्यच नव्हतें. येथें वस्तु फार पुढें धांवली आहे आणि रीत अजून वाटेवर आहे. आणि ही रीत बिघडविण्यांत नातवांइतकेच आजोबाहि पुढें आहेत, हें कोणत्याहि दिवाणखान्यांत दिसून येईल. नातवाच्या विजारीवर खर्च होणारा राग जर आपण या नव्या रीतीची घडी बसविण्याकडे वळविला, तर पुढच्या पिढीस कांहीं देऊन गेल्यासारखें होईल. ही घडी उपदेशानें बसणार नाहीं. वडिलांनीं पाहुण्यासमोर आपला मोबाईल आधीं खालीं ठेवला, तरच मुलांचा खालीं जाईल.

इनामगांवच्या लोकांनीं आपल्या मृतांजवळ भांडीं ठेवलेलीं आढळतात. त्यांत अन्न आणि पाणी असावें असा अंदाज आहे. आणि जोर्वे संस्कृतीची खास ओळख म्हणून सांगितलें जाणारें तोटीचें भांडें त्या भांड्यांत असतें. घर चौकोनी असो कीं वाटोळें, सुगी असो कीं दुष्काळ, निघालेल्या माणसाजवळ पाणी ठेवावयास तीं माणसें विसरलीं नाहींत. त्यांच्या अंगावर कोणतें वस्त्र होतें हें आज आपल्याला सांगतां येत नाहीं, पण त्यांच्या मनांत काय होतें हें त्या भांड्यावरून थोडेंबहुत ओळखतां येतें. आपल्या घरांतील तांब्या-भांडें गेलें, पितळी पेला गेला, कांचेचा ग्लास आला, प्लॅस्टिकची बाटली आली. भांडें आणखीहि बदलेल. दारांत आलेल्यासमोर तें भरून ठेवणारा हात आपल्या घरांत तयार होत आहे ना, एवढें आपण पाहावें.